मास्तरांच्या जागी

हॉटेलच्या धुलाईघरात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शाळा तिनं आठवीतच सोडलेली, आणि कुणाला काही शिकवायचा प्रसंग तिच्यावर कधी आलेला नव्हता. पण नवरा मास्तर, म्हणून ती मास्तरीण. हे मास्तरही काही खडूफळ्याचे नव्हेत. ते आगीचे मास्तर. तळ्याकाठच्या त्या मोठ्या हॉटेलात मागच्या हिरवळीवर पांढऱ्या दगडांचं एक रिंगण होतं, नऊ पावलं इकडून तिकडे. रोज दिवेलागणीला मास्तर त्या रिंगणात उतरायचे आणि पंचवीस मिनिटं आगीचे खेळ करायचे. साखळीला बांधलेले पेटते गोळे, दोन्ही टोकांना पेटलेली काठी, हवेत फेकून झेलायचे पलिते. पाहुणे खुर्च्यांवर बसून तोंडात बोटं घालायचे.

हे अठरा वर्षं चाललं होतं.

मास्तर तरुणपणी सर्कशीत होते आणि तिथंच एकदा त्यांचा गाल भाजला होता. पाहुण्यांना तो गाल दिसू नये म्हणून हॉटेलानं त्यांना कातडी मुखवटा करून दिला होता, कपाळापासून ओठांपर्यंतचा. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा सुती अंगरखा. जाहिरातीच्या फलकावर त्यांचं हेच रूप होतं. भाजीच्या पिशव्या घेऊन फाटकातून येणारा किडकिडीत माणूस म्हणजे तोच, हे किती पाहुण्यांना सांगूनही पटायचं नाही.

बायको दिवसभर धुलाईघरात चादरी वाळवायची, इस्त्री करायची, घड्या घालायची. संध्याकाळी रिंगणाच्या कडेला ओलं कांबळं घेऊन उभी राहायची. आगीच्या खेळात असं एक माणूस लागतंच. खेळणाऱ्याला आपली पाठ दिसत नाही. ती दुसऱ्यानं बघायची. ठिणगी कपड्यावर बसली, तेलाचा थेंब उडाला, की कांबळं घेऊन धावायचं. या माणसाकडे पाहुण्यांचं लक्ष जाऊ नये म्हणून त्यानं काळा झगा घालायचा आणि डोक्यावरून टोपडं ओढायचं, असा हॉटेलचा नियम. मास्तर गमतीनं म्हणायचे, "आमच्या धंद्यात तेलाचा एक थेंब इकडेतिकडे चालत नाही, आणि हिचं काम काय, तर डोळ्यांत तेल घालून बघायचं." अठरा वर्षांत तिला चारदा धावावं लागलं होतं. चारही वेळा ती वेळेवर पोचली होती.

राहायला बॉयलरच्या मागे दोन खोल्या होत्या. एक भिंत बारा महिने गरम. खिडकी उघडली की हात लांब केल्यावर धुलाईघराची भिंत हाताला लागायची. म्हणजे दिवसभर ज्या भिंतीच्या आत राबायचं, तीच घरी आल्यावर बाहेरून बघायची. या खोल्या मास्तरांच्या नोकरीवर मिळालेल्या. धुलाईवाल्यांना खोल्या नसत. आतल्या खोलीत त्यांची एकुलती एक लेक अभ्यास करायची. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, आणि तिला नर्स व्हायचं होतं.

त्या वर्षी मास्तरांच्या हातून एक पलिता निसटला.

पलिते कधीमधी निसटतातच, त्यात नवल नाही. पण हा खाली पडला आणि मास्तर त्याच्या शेजारी उभे राहून तो शोधायला लागले. पेटता पलिता, गवतावर, पायापासून दोन हातांवर. मास्तरांची मान इकडून तिकडे फिरत होती. कडेला उभी बायको टोपड्याआडून हळूच म्हणाली, "उजवीकडे. अजून. वाका." त्यांनी पलिता उचलला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि खेळ पार पडला.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "अहो, कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. दिवसा ठीक असतं. उजेड उतरला की कडेकडेनं काही दिसत नाही."

"वर्षभर तुम्ही आंधळेपणानं आग झेलताय?"

"हाताला ठाऊक असतं गं कुठं काय येणार ते. पडलेलं तेवढं सापडत नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सरळ सांगितलं. नजर कडेनं मिटत येणार. आधी अंधुक उजेडात, मग भर दिवसाही. थांबवायचं औषध नाही. काम सुटलं की पंधरा दिवसांत खोल्या सोडायच्या, हा नियम त्यांना पाठ होता. लेकीची परीक्षा दहा महिन्यांवर आली होती.

मग मास्तरच म्हणाले, "तुला सगळं येतं."

"मला? मला कांबळं टाकता येतं."

"अठरा वर्षं माझ्याकडे टक लावून बघत आलीस. माझी पुढची उडी कुठं पडणार ते माझ्याआधी तुझ्या डोळ्यांना कळतं. उंची सारखीच. अंगरखा सैल. तोंड झाकलेलं. एक वर्ष काढ. पोरगी मार्गी लागली की राजीनामा देऊ."

तिला आगीची हौस कधीच नव्हती. नवऱ्याचं काम म्हणून ती आगीकडे बघत आली होती. पण इकडे आड, तिकडे विहीर. ती म्हणाली, "एकच वर्ष."

हॉटेल दर साली रंगरंगोटीसाठी सहा आठवडे बंद असायचं. तेव्हा धुलाईघराच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या पडद्यांच्या आडोशाला, मास्तरांनी तिला शिकवलं. पहिले पंधरा दिवस आगीचं नावही नाही. पाहुणे विसरून गेलेले एकेकटे मोजे धुलाईघरात ढिगानं पडलेले असत. त्यात वाळू भरून, दोरी बांधून तेच फिरवायचे. मोजा नाकावर बसला की मास्तर म्हणायचे, "हा पेटलेला असता तर?" ती नाक चोळत म्हणायची, "असता तर तुम्ही आज हातानं रांधून जेवला असता."

मग तेल. गोळा तेलात बुडवायचा, पिळायचा, आणि रिंगणाबाहेर जोरानं फिरवून राहिलेलं तेल झटकून टाकायचं. नाहीतर पेटल्यावर तेच थेंब अंगावर येतात. अंगात सुतीच हवं. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. केस ओले करून घट्ट बांधायचे. वारा कुठून येतो ते बघायचं आणि पाठ कधी विसरायची नाही. तोंडात तेल धरून फुंकायचा खेळ मात्र मास्तरांनी शिकवला नाही. सर्कशीत त्यांच्या जोडीदाराच्या छातीत तेल उतरलं होतं, आणि तो आठ दिवसांत गेला होता.

"आणि घाबरायचं कधी?" तिनं विचारलं.

"पेटवायच्या आधी, पोटभर. पेटल्यावर वेळ नसतो."

मास्तर डावखुरे होते, म्हणून तिलाही सगळं डाव्या हातानं शिकावं लागलं. रात्री मनगट सुजून टम्म व्हायचं. लेक गरम पाण्यानं शेकत विचारायची, "आई, कसले पडदे धुतेस एवढे?" तिला शेवटी सांगावंच लागलं. ती रडली, आणि मग अभ्यासाला बसली. त्या दिवसापासून तिच्या खोलीतला दिवा आईला एखाद्या मुकादमासारखा वाटायला लागला.

विसाव्या दिवशी तिनं पहिल्यांदा पेटते गोळे फिरवले. आग लांबून बघताना आवाज येत नाही. जवळ घेतली की ती बोलते. कानाजवळून जाताना भर्र, लांब जाताना हुश्श. दोन मिनिटं तिला दुसरं काही ऐकू आलं नाही. गोळे विझले. आपल्याला हे आवडलं, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला त्याचीच भीती वाटली.

हॉटेल उघडलं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी पडवीत कपडे बदलले. मास्तरांचा अंगरखा आणि मुखवटा तिनं चढवला. तिचा झगा आणि टोपडं मास्तरांनी. मुखवट्याला आतून अठरा वर्षांच्या घामाचा वास होता. दोन भोकांतून समोरचं तेवढं दिसायचं. बाजूचं जग कापून टाकल्यासारखं. तिच्या मनात आलं, यांना आता उघड्या डोळ्यांनी असंच दिसत असेल.

आणि कडेला पहाऱ्याला कोण, तर ज्याला दिवेलागणीनंतर आपलाच हात दिसत नाही असा माणूस. ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती. मास्तर म्हणाले, "मी कानांनी बघेन. गोळ्याचा आवाज एक असतो, कपड्याचा वेगळा." खेळाच्या साथीला ढोल वाजवणारा एक माणूस असायचा; त्याला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. आपण बडवायचं काम करावं, बाकी जगात नाक खुपसू नये, असं त्याचं धोरण होतं.

खेळ पार पडला. फार चांगला नाही, पण पडला. पाहुणे "मास्तर! मास्तर!" म्हणून उठून उभे राहिले. तिनं मास्तरांसारखीच मान लववली. आपल्या नावाच्या टाळ्या मास्तर कडेला उभं राहून पहिल्यांदाच ऐकत होते.

मग दिवसामागून दिवस जायला लागले. संध्याकाळी ज्यांनी तिचे फोटो काढले, त्यांच्याच चादरी ती सकाळी घड्या घालायची. एखादी हौशी पाहुणी इस्त्रीच्या कपड्यांसाठी दारात यायची आणि म्हणायची, "तुमचे मालक काय खेळ करतात हो! तुम्हाला किती अभिमान वाटत असेल." ती म्हणायची, "वाटतो ना." हातावरची लव जळून गेलेली, म्हणून ती भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायची. अंगाला तेलाचा वास, म्हणून धुलाईघरातल्या बायकांपासून चार हात दूर बसून जेवायची. ताप आला तरी निजायची सोय नव्हती. मास्तर आजारी नाहीत, मग खेळ कसा बंद राहणार? एकदा मनगट मुरगळलं. धुलाईघरात तिनं रजा मागितली, मुकादमानं दिली, आणि त्याच संध्याकाळी तिनं त्याच मनगटानं काठी फिरवली. सकाळी ती स्वतःच्या नावानं आजारी होती, संध्याकाळी नवऱ्याच्या नावानं ठणठणीत.

मास्तरही घरात बदलले. दिवसभर खोलीत बसून ते आदल्या दिवशीचा खेळ कानातल्या कानात पुन्हा ऐकायचे.

"तिसऱ्या फेरीत डावा हात पडला तुझा."

"कुणाला दिसलं नाही."

"मला ऐकू आलं."

"तुम्हाला ऐकू येतं तेवढं पुरे आहे का? पाठीवर पेटलं तर ऐकू येणार आहे?"

दोघांच्या मध्ये ती गरम भिंत सुस्कारे टाकत राहिली.

लेक पास झाली. तिला दुसऱ्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि ती वसतिगृहात राहायला गेली. वर्ष भरलं होतं. बायकोनं मास्तरांना आठवण करून दिली. ते म्हणाले, "पोरीचं शिक्षण तीन वर्षांचं. सुटीत ती येणार कुठं? आणि आपण जाणार कुठं? मला आता कोण ठेवून घेईल?" बोलणं खोटं नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती उठली आणि तेल गाळायला बसली.

त्यानंतर चारेक महिन्यांनी ती वाऱ्याची संध्याकाळ आली. खरं तर अशा वाऱ्यात खेळ करू नये. पण कुठल्याशा मोठ्या कंपनीची सव्वाशे माणसं जेवायला आली होती. मॅनेजरनं निरोप पाठवला, "मास्तरांना म्हणावं, लहानसा करा, पण करा."

काठीचा खेळ चालला असताना वारा एकदम फिरला. काठीचं मागचं टोक तिच्या खांद्याला निसटतं लागून गेलं. मुखवट्यातून तिला समोरच्या खुर्च्या दिसत होत्या आणि खुर्च्यांवरचे लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या का वाढल्या ते तिला कळेना. पाठीवर अंगरखा पेटला होता, आणि लोकांना तो खेळाचाच भाग वाटला होता.

मास्तरांना दिसलं नाही. त्यांना वास आला. सूत जळाल्याचा.

"बस खाली!" ते ओरडले. तिनं काठी टाकली आणि बसली. आता पाठ पोळली.

"कुठं आहेस?"

"इथं! इथं! अहो, इथं!"

ढोल थांबला होता. बाईचा तो आवाज हिरवळीच्या पार टोकापर्यंत गेला. मास्तर आवाजाच्या रोखानं धावले, पेटत्या काठीला अडखळले, आणि ओल्या कांबळ्यासकट तिच्यावर पडले. आग विझली. तिच्या खांद्यावर तळहाताएवढं भाजलं होतं. सव्वाशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. पायऱ्यांपाशी मॅनेजर उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता.

त्या रात्री पालथं निजून तिनं ठरवून टाकलं, की संपलं. उद्या बोलावतील, पंधरा दिवस देतील. आग नाही, मुखवटा नाही, खोटं नाही. खांदा ठसठसत होता, पण कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी झोप तिला लागली.

सकाळी मॅनेजरनं तिला एकटीलाच बोलावलं. हा माणूस कधी आवाज चढवत नसे. त्याच्या टेबलावर नेहमी टोक केलेल्या पेन्सिली ओळीनं मांडलेल्या असत.

"बसा, मास्तरीणबाई. खांदा कसा आहे?"

"बरा आहे."

"मला वर्षभरापासून माहीत आहे," तो म्हणाला. "मास्तर डावखुरे. तुम्ही खेळ डाव्या हातानं करता, पण जमिनीवरची काठी उचलायला उजवा हात पुढे येतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर मला काहीतरी करावं लागलं असतं. खेळ चांगला चालला होता."

मग तिनं धीर केला. "साहेब, माहीतच आहे, तर मला माझ्या नावानं करू द्या. मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही. काल त्यामुळेच झालं. आणि कडेला डोळस माणूस द्या."

"नवं नाव म्हणजे नवी नेमणूक. वरचं ऑफिस म्हणणार, जाहिरात द्या, चाचणी घ्या, तिशीच्या आतलं माणूस बघा. तुमचं वय काय?"

"बेचाळीस."

"मग? खोल्याही जुन्या नेमणुकीवर आहेत. झाकली मूठ झाकलेलीच बरी. कडेला बागेतला एक माळी उभा करतो, तो बोलणार नाही. आणि मुखवट्याची भोकं मोठी करून घेऊ."

ती बाहेर आली आणि जिन्यातच बसली. वर्षभर तिनं एकाच गोष्टीची धास्ती घेतली होती, की उघडं पडू. आता उघडं पडून झालं होतं आणि काहीही बदललं नव्हतं. पकडलं जाणं हीच तिला सुटकेची शेवटची वाट वाटत होती, तीही बुजली. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चला, बरं झालं." तिनं पहिल्यांदाच नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला. आणि धुलाईघरातल्या बायकांनी तिच्या खांद्याला मलम लावता लावता सांगितलं, की त्यांनाही पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. "अगं, घामाला तेलाचा वास कुणाच्या येतो? आम्ही म्हटलं, हिला सांगायचं नाहीये, तर आपण कशाला विचारा!"

म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं, त्या सगळ्यांना माहीत. ज्यांना माहीत नव्हतं, ते फक्त पाहुणे. आणि ते तर दोन दिवसांनी निघूनच जायचे.

खांदा भरला आणि मॅनेजरच्या डोक्यातून नवीन कल्पना निघाली. दर रविवारी दुपारी चार वाजता पाहुण्यांसाठी तासाभराचा वर्ग. स्वागतकक्षात पाटी लागली: "अग्निकलेची ओळख. मार्गदर्शक: मास्तर." दुपारच्या उजेडात मास्तरांना अजून थोडं दिसायचं. त्यांनी मुखवटा घालून खुर्चीवर बसून बोलायचं आणि तिनं सहायक म्हणून उघड्या तोंडानं करून दाखवायचं, असं ठरलं.

पहिल्या वर्गाला आठ जण आले. मास्तर बोलायला उभे राहिले आणि अडखळले. आयुष्यभर हातानं बोललेला माणूस, त्याला तोंडानं काय सांगावं ते सुचेना. मग तीच पुढे झाली.

"आधी विझवायचं शिकू," ती म्हणाली. "पेटवणं काडीपेटीलाही येतं."

लोक हसले. तिनं कांबळं भिजवलं, पिळलं, जमिनीवरच्या पेटत्या चिंधीवर कसं टाकायचं ते दाखवलं: आपटायचं नाही, पांघरूण घातल्यासारखं घालायचं आणि वारा आत शिरू द्यायचा नाही. एका तरुणाला तिनं चमकदार जाकीट काढून ठेवायला लावलं. एका बाईचे मोकळे केस स्वतः बांधून दिले. सगळ्यांच्या हातात वाळूचे मोजे दिले आणि म्हणाली, "आज आग मी धरणार. तुम्ही नाक सांभाळा." तासभर ती बोलत होती. एवढं सलग आपण आयुष्यात कधी बोललो नव्हतो, हे तिला नंतर जाणवलं. शेवटी तिनं दोन पलिते पेटवले आणि तोंडावर ऊन घेत, मुखवट्याशिवाय, चारही बाजूंचं दिसत असताना, पहिल्यांदा लोकांसमोर ते झेलले.

एका म्हाताऱ्या पाहुणीनं विचारलं, "बाई, तुम्हीसुद्धा संध्याकाळी खेळ करता का?"

मॅनेजर झाडाखाली उभा होता. तिनं पलिते कांबळ्यात गुंडाळायला घेतले.

आणि खुर्चीतून मास्तर उठले. त्यांनी मुखवटा काढून हातात घेतला. जळका गाल उन्हात चकाकला. ते म्हणाले, "मी नाही करत. सगळं तीच करते. दोन वर्षं होत आली. मला दिसत नाही."



मग ती म्हातारी हसली. "बघा, खरे कलावंत असे असतात! सगळं श्रेय बायकोला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तरुण म्हणाला, "मास्तर, कालचा काठीचा खेळ काय झाला! आम्ही पुढच्या रांगेत होतो." मास्तरांनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, "अहो, खरंच…" पण लोक आता त्यांच्याभोवती जमले होते, हात मिळवत होते, फोटोसाठी त्यांना मुखवटा चढवायला लावत होते. झाडाखाली मॅनेजर घड्याळाकडे बघत होता.

त्या संध्याकाळी अंगरखा चढवताना ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत. मला पुरे."

"पुरे कसं? कुणी ऐकलं नाही."

"मी ऐकलं ना."

तिला पुरलं नव्हतं, हे मास्तरांना आवाजावरून कळलं. आता त्यांना सगळं आवाजावरूनच कळायचं.

लेक नर्स झाली. तिला मोठ्या इस्पितळात नोकरी लागली आणि तिनं भाड्यानं घर घेतलं. एका रविवारी ती आईबापांना न्यायला आली. आधी तिनं वर्ग बघितला; आता वर्गाला वीस-वीस जण यायचे, आणि मास्तर नुसते खुर्चीत बसून असायचे. नंतर बॉयलरमागच्या खोलीत ती म्हणाली, "आई, सामान बांध. माझ्या घराला गच्ची आहे. दोन मोठ्या खिडक्या आहेत. आता कुणासाठी थांबायचं?"

मास्तर लगेच म्हणाले, "मी तयार आहे. मला अंधार काय, इथला आणि तिथला सारखाच."

दोघं तिच्याकडे बघत राहिले. एक डोळ्यांनी, एक कानांनी. इतकी वर्षं ती याच वाक्याची वाट बघत होती. आता ते समोर आलं होतं. लेकीच्या घरी खिडक्या होत्या, पण रिंगण नव्हतं. सेहेचाळीस वर्षांच्या धुलाईवालीला कोणतं हॉटेल रिंगण देणार? इथं ते मिळत होतं, पण दुसऱ्याच्या नावानं. ती पंचवीस मिनिटं तिची होती आणि तिची नव्हती, आणि त्यांच्याशिवाय दिवस कसा काढायचा हे तिला आठवेना.

"पुढच्या रविवारी बावीस जणांनी नावं दिलीत," ती म्हणाली.

"आई, तू अडकलीस गं."

"हो," ती म्हणाली. "पण सोडवू नकोस लगेच."

लेक रागावून गेली. मग आठ दिवसांनी तिचा फोन आला. आता ती दर महिन्याला विचारते, आणि आई दर महिन्याला "बघू" म्हणते. मास्तरांना आता दिवसाही दिसत नाही. त्यांनी चाचपडत चाचपडत आपल्या कपड्यांच्या दोन पिशव्या भरल्या आहेत आणि कॉटखाली ठेवून दिल्या आहेत. केर काढताना तिला त्या दिसतात. ती त्यांच्या भोवतीनं झाडते. अजून तिनं त्या रिकाम्या केलेल्या नाहीत, आणि दारापाशी नेऊनही ठेवलेल्या नाहीत.